होपींचे कात्सिना तिहू : विकत घेण्याआधी एवढं वाचा

मोगरा_फिनिक्स (धागाकर्ती)

ॲरिझोनात फिरायला येणाऱ्या आणि इथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा काढते आहे. सेडोना, फ्लॅगस्टाफ, ग्रँड कॅन्यनच्या दुकानांत 'काचिना डॉल' अशी चिठ्ठी लावलेल्या रंगीत लाकडी मूर्ती मिळतात. आपण हौसेने घेतो आणि शोकेसमध्ये ठेवतो. त्या ज्यांच्या आहेत त्या लोकांबद्दल चिठ्ठीवर एक ओळही नसते. इथल्या हर्ड म्युझियममध्ये मी या मूर्तींसमोर बराच वेळ काढला आहे आणि होपी कारागिरांशीही बोलले आहे. त्यातलं उघडपणे सांगण्यासारखं आहे तेवढं लिहिते.

होपी ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात. हे लोक ईशान्य ॲरिझोनात तीन पठारांवर, म्हणजे मेसांवर राहतात. त्यांच्या भूमीला चहूबाजूंनी नवाहो या दुसऱ्या मूळ जमातीच्या भूमीचा वेढा आहे. तिसऱ्या मेसावरचं ओराइबी गाव साधारण इ.स. ११०० पासून वसलेलं आहे आणि आजही तिथे माणसं नांदतात. पाऊस वर्षाला जेमतेम दहा इंच. बारमाही नदी नाही, कालवा नाही. तरी हे लोक शेकडो वर्षं मका पिकवत आले आहेत. ओल लागेपर्यंत खोल खड्डा करायचा आणि एकाच जागी बरेच दाणे टाकायचे, अशी त्यांची पेरणी. हे आधी सांगते, कारण पावसाची ही ओढ लक्षात घेतली नाही तर पुढचं सगळं नुसतं रंगीबेरंगी वाटेल.

कात्सिना (दुकानातलं 'काचिना' ते हेच; अनेकवचन कात्सिनम) म्हणजे अदृश्य शक्ती. पावसाच्या, ढगांच्या, पिकांच्या, प्राण्यांच्या, पूर्वजांच्याही. त्यांना देव म्हणणं बरोबर नाही. ते माणसांची प्रार्थना पुढे पोचवणारे आणि पाऊस घेऊन येणारे पाहुणे आहेत. त्यांचं घर फ्लॅगस्टाफजवळच्या सान फ्रान्सिस्को शिखरांवर. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमाराला ते गावांत येऊ लागतात, फेब्रुवारीत पोवामुयाचा विधी होतो, वसंतात चौकाचौकांत नाच होतात आणि जुलैमध्ये निमानच्या विधीनंतर ते आपल्या डोंगरावर परत जातात. तोवर आभाळात पावसाळी ढग जमू लागलेले असतात.

या काळात कात्सिनम मुलींना ज्या कोरीव मूर्ती देतात, त्या तिहू (अनेकवचन तिथू). तान्ह्या मुलीला पहिल्यांदा मिळते ती चपटी, फळीसारखी मूर्ती. बहुतेक वेळा ती हाहाइ-ई वुह्तीची असते, म्हणजे कात्सिनांच्या आईची. मुलगी मोठी होत जाते तशा मूर्तीही भरीव, बारकाव्यांच्या होत जातात. निमानला कात्सिनम शेतातला पहिला हिरवा मका घेऊन येतात आणि त्या ताटांना मुलींचे तिथू बांधलेले असतात. घरी नेऊन ते भिंतीला किंवा आढ्याला टांगतात. ती मुलीला मिळालेली प्रार्थना आहे: तिची वाढ व्हावी, तिला निरोगी आयुष्य मिळावं, पुढे मुलंबाळं व्हावीत. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे कोणता कात्सिना कसा दिसतो हेही ती आपसूक शिकते, आणि असे कात्सिनम दोनशेहून अधिक आहेत.

मला कळकळीने सांगायचं आहे ते इतकंच. कोरीव तिहू विकणारे होपी कारागीर आहेत, त्यांच्याकडून तो जाणून घेऊन विकत घेणं हा त्यांचा मान आहे. पण विधीत वापरले जाणारे मुखवटे ही निराळीच गोष्ट आहे आणि ते विकत घेणं कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. या दोन्हींची गल्लत आपल्याकडून होऊ नये.

रंधा

सुंदर लेख, ताई. मी सांगलीकडे लाकूडकाम करतो, म्हणून माझे प्रश्न त्याच अंगाचे. लाकूड कोणतं? रंग कशाचे? आणि हातपाय जोडतात की एकाच ओंडक्यातून काढतात?

मोगरा_फिनिक्स

रंधा, हे विचारलंत ते फार बरं केलंत, मला यावर लिहायचंच होतं.

लाकूड म्हणजे कॉटनवुड झाडाचं मूळ. खोड नाही, मूळ. होपी त्याला पाको म्हणतात. ते वजनाला अगदी हलकं, मऊ, सरळ रेषांचं आणि सुकल्यावर सहसा न तडकणारं. कोरड्या ओढ्यांच्या काठाने, लिटल कोलोरॅडो नदीच्या पात्रात पुराने वाहून आलेली मुळं गोळा करायची ही जुनी रीत. वाळवंटात या झाडाचं मूळ पाणी शोधत जमिनीत खोल उतरतं, म्हणून पावसासाठीच्या मूर्तीला तेच लाकूड योग्य, असं कारागीर सांगतात. आता चांगलं मूळ सहज सापडत नाही आणि बरेच जण ते विकत घेतात.

जुन्या कामात आधी करवतीने तुकडा कापायचा, मग चाकू, कानस आणि शेवटी वाळूच्या दगडाने घासून गुळगुळीत करायचं. त्यावर पांढऱ्या केओलिन मातीचा हात. मग खनिज रंग: गेरूचा लाल, पिवळी माती, तांब्याच्या खनिजाचा हिरवा-निळा, काजळीचा काळा. हे रंग पावडरीसारखे बसतात आणि हात लागला की निघतात, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या तिथूंवर रंग झिजलेला दिसतो. रंग मनाला येईल तसा लावत नाहीत. पिवळा वायव्येचा, निळा-हिरवा नैऋत्येचा, तांबडा आग्नेयेचा, पांढरा ईशान्येचा. काळा आणि सगळे रंग एकत्र हे वरच्या-खालच्या दिशांचे. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सूर्य क्षितिजावर जिथे उगवतो-मावळतो त्या चार जागा म्हणजे होपींच्या चार दिशा, म्हणून आपल्या उपदिशांशी त्या जुळतात.

जोडकामाचं म्हणाल तर जुन्या पद्धतीत हात पोटाशी घट्ट धरलेले, पाय आखूड, सगळं एकाच तुकड्यात. कान, नाक, डोक्यावरची पाटी वेगळी करून खुंटीने बसवायची. मानेभोवती दोरा, कारण मूर्ती टांगायची असते. पायाखाली लाकडी बैठक आली ती संग्राहकांमुळे, कारण त्यांना ती टेबलावर उभी करायची होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर नाचाच्या पवित्र्यातल्या, गुडघा उचललेल्या मूर्ती येऊ लागल्या. सत्तरच्या दशकात आल्विन जेम्स माक्या, सिसिल कॅल्निम्प्टेवा यांच्यासारख्यांनी स्नायू, बोटांची पेरं, वस्त्राच्या चुण्या असं शिल्पासारखं काम केलं. त्याच सुमाराला मॅनफ्रेड सुसुनकेवा यांनी मुद्दाम जुन्या पद्धतीकडे वळून खनिज रंग आणि साधी ठेवण परत आणली. मला स्वतःला ही जुनी ठेवण अधिक भिडते. बारकाव्यांनी डोळे दिपतात, पण त्या आखूड, पोटाशी हात धरलेल्या मूर्तीत जी शांतता आहे ती नव्या कामात मला क्वचितच दिसली.

रंधा

मुळाचं लाकूड वापरतात हे माझ्या कधी डोक्यात आलं नसतं. आमच्याकडे पांगिऱ्याचं लाकूड हलकं म्हणून घेतात, पण मूळ कोणी घेत नाही. पिसं खरी असतात का?

मोगरा_फिनिक्स

पूर्वी असत. पण १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने आणि १९४० च्या गरुड संरक्षण कायद्याने विक्रीच्या वस्तूवर बहुतेक रानपक्ष्यांची पिसं लावायला बंदी आली. सत्तरच्या दशकात या कायद्यांची अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा कारागिरांनी पिसंही लाकडातच कोरायला घेतली. आज काही मूर्तींवरचं लाकडी पीस इतकं पातळ असतं की त्यातून उजेड दिसेल. जुनी, खऱ्या पिसांची मूर्ती कोणी विकायला काढली तर कायदा नीट तपासल्याशिवाय हात लावू नका.

घाटवाट

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा चढवला की तो माणूस माणूस राहत नाही, त्या रात्रीपुरता देव होतो, आणि मुखवट्यांची पूजा होते. होपींचंही असंच आहे का? आणि मुखवट्यांचं काय म्हणत होता ते सविस्तर लिहाल का?

मोगरा_फिनिक्स

घाटवाट, श्रद्धेची जात जवळची आहे हे खरं. पण होपींमध्ये यातलं बरंच काही दीक्षा न झालेल्या मुलांसमोरसुद्धा बोलायचं नसतं. पुस्तकांत छापलेलं मिळतं, तरी मी ते इथे लिहिणार नाही. उघड माहिती तेवढी देते.

मुखवट्यांना होपी 'मित्र' म्हणतात आणि जिवंत मानतात. ते कुळाच्या किंवा मंडळाच्या ताब्यात असतात, कुठल्याही एका माणसाच्या मालकीचे नसतात. म्हणजे एखाद्या होपी माणसाने स्वतः विकला असला तरी तो त्याला विकायचा अधिकारच नव्हता.

१२ एप्रिल २०१३ ला पॅरिसमध्ये असे सुमारे सत्तर पवित्र मुखवटे लिलावात निघाले. होपी जमातीने विरोध केला, अमेरिकेच्या राजदूतांनी लिलाव लांबवण्याची विनंती केली, सर्व्हायव्हल इंटरनॅशनल ही संस्था कोर्टात गेली. कोर्टाने मनाई नाकारली आणि त्याच दिवशी लिलाव झाला. एकूण विक्री ९ लाख ३० हजार युरोंच्या आसपास गेली. डिसेंबरमध्ये तिथेच पुन्हा लिलाव निघाला. तेव्हा ॲननबर्ग फाउंडेशनने गाजावाजा न करता बोली लावून २४ वस्तू सुमारे ५ लाख ३० हजार डॉलरला घेतल्या. त्यातल्या २१ होपींच्या आणि ३ सान कार्लोस अपाची या दुसऱ्या जमातीच्या होत्या. सगळ्या परत देण्यासाठीच घेतल्या होत्या.

वकिली_बाणा

धागा उत्तम आहे, पण एक बाजू मांडतो. फ्रान्सच्या कोर्टाचं म्हणणं कायद्याला धरून होतं. मानवी अवशेष विकता येत नाहीत, पण एखादी वस्तू कोणाला पवित्र वाटते एवढ्यावरून ती बाजाराबाहेर काढायची तरतूद तिथल्या कायद्यात नव्हती. अमेरिकेचा १९९० चा कायदा, ज्याखाली संग्रहालयांना अवशेष आणि पवित्र वस्तू जमातींना परत कराव्या लागतात, तो अमेरिकेबाहेर चालत नाही. शिवाय संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी जपलं नसतं तर यातलं किती टिकलं असतं?

मोगरा_फिनिक्स

वकिली_बाणा, कायद्याचा मुद्दा मान्य, म्हणूनच तो पुरेसा नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने स्टॉप ॲक्ट केला आणि जमातींचा असा वारसा देशाबाहेर नेण्यावर स्पष्ट बंदी घातली. होपींसकट अनेक जमातींनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता.

'जपलं नसतं तर' हा मुद्दा मात्र मला पटत नाही. या वस्तूंनी संग्रहालयात टिकावं म्हणून त्या केलेल्याच नाहीत. काही वस्तू झिजून मातीला मिळणं हेच त्यांचं योग्य संपणं असतं. आणि जपणारे कसे जपत होते तेही पाहा. एच. आर. व्होट हा मेनोनाइट मिशनरी १८९३ मध्ये ओराइबीला आला. होपी भाषा शिकला, लोकांची नाराजी असताना किवांमध्ये, म्हणजे त्यांच्या जमिनीखालच्या विधीगृहांत शिरला, फोटो काढले आणि शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी ढिगाने वस्तू गोळा केल्या. ज्या धर्माचं दस्तऐवजीकरण करत होता तोच धर्म लोकांनी सोडावा म्हणून त्याने तिथे चर्च बांधलं. १९४२ मध्ये त्या चर्चवर वीज पडली, त्याचे अवशेष अजून आहेत.

वकिली_बाणा

व्होटबद्दल माहीत नव्हतं. मालकीचा जो मुद्दा तुम्ही मांडलात, की विकणाऱ्याला अधिकारच नव्हता, तो कायद्यातही वजनदार आहे. आपल्याकडे देवस्थानाची मूर्ती पुजाऱ्याने विकली तर विकत घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. त्या अंगाने पाहिलं तर माझं मत बदलतं. संग्रहालयांबद्दल मात्र मी अजून तुमच्याइतका कठोर नाही.

चित्रवेडी

मी कलेचा इतिहास शिकते, म्हणून थोडी भर. १८९६ मध्ये आबी वारबुर्ग हा जर्मन अभ्यासक ओराइबीला गेला आणि त्याने हेमिस कात्सिनांचा नाच पाहिला. पुढे १९२३ मध्ये त्याने होपींच्या सर्पविधीवर व्याख्यान दिलं ते आमच्या विषयात फार गाजलेलं, पण सर्पविधी त्याने स्वतः पाहिलेलाच नव्हता. डोक्यावर कात्सिनाचा मुखवटा चढवलेला त्याचा एक फोटो आहे. आम्हाला तो वर्गात दाखवला तेव्हा नुसती गंमत म्हणून दाखवला. हा धागा वाचल्यावर तो फोटो आठवून अस्वस्थ वाटलं. अतिवास्तववादी लेखक आंद्रे ब्रेतों आणि चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनीही तिथू जमवले होते. त्यांना त्यात स्वप्नांचं जग दिसलं. पाऊस आणि मका फारसा कोणाला दिसला नाही.

आणखी एक. १८९९-१९०० च्या सुमारास फ्यूक्स या अभ्यासकाने होपी चित्रकारांकडून कात्सिनांची चित्रं काढवून घेतली, ती १९०३ मध्ये छापली गेली. माझ्या मते ती चित्रं फार मोलाची, कारण काढणारे हात होपींचे आहेत.

खाली लिलावातल्या एका मुखवट्याच्या फोटोची लिंक देते आहे.

मोगरा_फिनिक्स

चित्रवेडी, माहितीबद्दल मनापासून आभार. पण लिंक काढशील का? होपी जमातीने या मुखवट्यांचे फोटो दाखवू नयेत अशी विनंती केलेली आहे. फ्यूक्सच्या चित्रांवरूनही गावात वाद झाला होता, चित्रकारांवर चेटूक केल्याचा आरोप आला होता. तेव्हा तीही सरळ मनाने स्वीकारावीत अशी नाहीत.

चित्रवेडी

काढली. संपादकांनाही कळवलं आहे. चित्रकारांवर काय ओढवलं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आभाळमाया

ताई, मागच्या उन्हाळ्यात मुलीसाठी एक 'काचिना' घेतली, चाळीस डॉलरला. फर, चामडं, पुष्कळ पिसं, खाली सही आहे. खरी आहे का हे कसं ओळखायचं? मुलीचा फार जीव आहे तिच्यावर.

मोगरा_फिनिक्स

आभाळमाया, वर्णनावरून ती होपी कारागिराची नसावी. भरपूर फर आणि चामडं लावलेल्या, एकसारख्या साच्याच्या अशा मूर्ती बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर होतात. त्यांतल्या बऱ्याच नवाहो कारागीर करतात. नवाहोंची विणकामाची आणि चांदीकामाची कला थोर आहे, पण कात्सिनम त्यांच्या धर्मातले नाहीत आणि होपींना याचं दुःख आहे. परदेशी बनावटीच्या मूर्तीही असतात. मुलीकडून काढून घेऊ नका. तिला होपींची गोष्ट सांगा, तीही आवडीने ऐकेल.

पुढच्या वेळी घ्याल तेव्हा कारागिराचं नाव, गाव आणि कात्सिनाचं नाव विचारा. होपी कारागीर बहुधा तळाशी नाव लिहितात आणि कात्सिना कोणता तेही सांगतात. सही करण्याची पद्धत जुनी नाही, फ्लॅगस्टाफच्या म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनात काम करणाऱ्या जिमी केवानवायटेवा यांनी मूर्तीखाली आद्याक्षरं घालायला सुरुवात केली असं मानतात. हाताने केलेली छोटी मूर्तीसुद्धा शेकडो डॉलरला जाते. 'इंडियन मेड', म्हणजे अमेरिकेतल्या मूळ जमातींनी केलेलं, म्हणून खोटं विकणं १९९० च्याच दुसऱ्या एका कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा दुकानदाराकडे लेखी मागायला संकोच करू नका.

विकण्यावरून होपींमध्येही एकमत नाही हे सांगायला हवं. ओराइबीचे प्रमुख विल्सन तवाक्वाप्टेवा स्वतः मूर्ती कोरून पाहुण्यांना विकत, पण विकायच्या मूर्तींत मुद्दाम वेगवेगळ्या कात्सिनांची चिन्हं मिसळत, म्हणजे खरा कात्सिना बाजारात जाऊ नये. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. पोटही चाललं आणि जपायचं तेही जपलं.

प्रवासी_पक्षी

मेसांवर जाता येतं का? नाच बघता येतो का?

मोगरा_फिनिक्स

जाता येतं. राज्य महामार्ग २६४ तिन्ही मेसांजवळून जातो. दुसऱ्या मेसावर होपी कल्चरल सेंटर आहे. तिथे छोटं म्युझियम, राहायची सोय आणि जेवणही मिळतं. मका आणि मटणाचं नोक्विवी जरूर खा. पहिल्या मेसावरच्या वाल्पीला स्थानिक वाटाड्याबरोबरच जाता येतं. फोटो, व्हिडिओ, ध्वनिमुद्रण, स्केच, काहीही करायचं नाही. मोबाइल खिशात. आणि घड्याळ सांभाळा: ॲरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत, नवाहो भूमीत पाळतात, होपी भूमीत परत पाळत नाहीत. एका प्रवासात फोनवरची वेळ पुढेमागे होत राहते.

कात्सिनांचे नाच पाहुण्यांना बहुतेक ठिकाणी बंद आहेत. १९९२ साली एका अमेरिकन कॉमिकमध्ये कात्सिनांना मारामाऱ्या करताना दाखवलं. होपींच्या विरोधानंतर तो अंक मागे घेतला गेला, पण त्यानंतर अनेक गावांनी दारं लावली. आधीपासूनही लोक फोटो काढत, मध्येच चौकात शिरत, त्याचाही राग होताच. बोलावलं नसेल तर जाऊ नका. कोरीव काम नीट पाहायचं असेल तर फिनिक्सच्या हर्ड म्युझियममध्ये या. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४ मध्ये दिलेला ४३७ मूर्तींचा संग्रह तिथे आहे.

घाटवाट

कात्सिनांचं घर असलेली ती सान फ्रान्सिस्को शिखरं तरी लांबून पाहता येतात ना?

मोगरा_फिनिक्स

फ्लॅगस्टाफमधून समोरच दिसतात, साडेबारा हजार फुटांवर उंची. पण त्यांच्यावर स्कीइंगचं केंद्र आहे आणि २०१२ च्या हिवाळ्यापासून तिथे शुद्ध केलेल्या सांडपाण्यापासून कृत्रिम बर्फ पाडतात. होपी, नवाहो आणि इतर जमाती अनेक वर्षं कोर्टात लढल्या. २००८ मध्ये केंद्रीय अपील कोर्टात हरल्या आणि २०१८ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयात होपींचा दावाही फेटाळला गेला. पाऊस जिथून येतो अशी ज्यांची श्रद्धा त्यांच्या डोंगरावर सांडपाणी. मला हे मुखवट्यांच्या लिलावाहून वेगळं वाटत नाही.

न्यूजर्सीकर

धागा वर काढतोय. आमच्या शेजारचे आजोबा वारले, त्यांच्या मुलाला माळ्यावर एक जुना चामड्याचा, रंगवलेला मुखवटा सापडला. १९५० च्या सुमारास ॲरिझोनातून आणलेला म्हणे. तो मुलगा लिलावगृहाला फोन करणार होता. तुमचा लेख त्याला इंग्रजीत सांगितला तर थांबला. आता त्याने काय करावं?

मोगरा_फिनिक्स

न्यूजर्सीकर, थांबवलंत त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू! त्याला सांगा: डोक्यावर चढवून बघू नका, धुऊ-पुसू नका, फोटो कुठेही टाकू नका. किकोट्समोवी गावात होपी कल्चरल प्रिझर्व्हेशन ऑफिस आहे, जमातीच्या संकेतस्थळावर पत्ता मिळेल. तिथे पत्र लिहून फक्त वर्णन आणि कुठून आला ते कळवायचं आणि पुढे कसं करायचं हे त्यांनाच विचारायचं. तो होपींचा नसून झुन्यी किंवा दुसऱ्या प्यूब्लोचा, म्हणजे होपींसारख्याच गावं करून राहणाऱ्या शेजारच्या जमातीचा असेल तरी त्या जमातीकडे कसं जायचं ते त्यांना विचारता येईल. घाईने टपालात टाकू नका.

न्यूजर्सीकर

पत्राचा मसुदा आज रात्री त्याच्याबरोबर बसून करतो. उत्तर आलं की इथे लिहीन.